लाळेच्या एका थेंबावरून कॅन्सर कळतो का? (कॉलनीचं शिबिर, नॅनो चिप आणि खर्रा)

झिरो_माईल

मंडळी, सल्ला हवा आहे. नागपुरात मानेवाड्याकडे आमची कॉलनी आहे, बरेचसे रिटायर झालेले किंवा त्या वाटेवरचे. गणपती झाले की आम्ही दरवर्षी आरोग्य शिबिर घेतो. बीपी, शुगर, डोळे, जमलं तर ईसीजी. यंदा एका खासगी लॅबचा माणूस येऊन गेला. त्याच्याकडे म्हणे 'नॅनो बायोसेन्सर' चिप आहे. लाळेचा एक थेंब, बोटातून रक्ताचा एक थेंब, आणि बसल्या जागी 'सर्व प्रकारचे कॅन्सर, पहिल्या स्टेजच्याही आधी'. ब्रोशरवर सोन्याचे चमकणारे गोळे आणि निळा डीएनए. माणशी जे मागतोय ते आमच्या शिबिराच्या मानाने फारच आहे, पण सगळ्यांनी केलं तर सवलत देतो म्हणाला.

समितीत दोन तट पडलेत. मी आयुष्यभर बँकेत काढलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. हे तंत्र खरं आहे का? असेल तर वर्गणी काढून करावं का? आमच्याकडे पुरुष मंडळी बऱ्यापैकी खर्रेवाली आहेत, गालात कायम सुपारी-तंबाखू, त्यामुळे भीती उगाच नाही.

तर्रीपोहे

भाऊ, खर्रेवाल्याची लाळ त्या चिपवर टाकून तं पाहा एकदा. चिप हात जोडून म्हणन, मले घरी जाऊ द्या बाप्पा.

प्रयोगशाळेतली

तंत्र खरं आहे, पण ब्रोशर सांगतंय ते करू शकेल अशी चिप आज कुठेच नाही. माझी पीएच.डी. याच विषयात झाली, त्यामुळे थोडं लांबण लावते.

बायोसेन्सरचे दोन भाग. एक ओळखणारा: एन्झाइम, अँटिबॉडी किंवा अ‍ॅप्टामर, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारा डीएनएचा किंवा आरएनएचा छोटा तुकडा. दुसरा, ओळख पटली की विजेच्या किंवा रंगाच्या रूपात ते कळवणारा. 1962 मध्ये क्लार्क आणि लायन्स या दोघांनी ग्लुकोजसाठी एन्झाइम बसवलेला इलेक्ट्रोड मांडला. तुमच्या शिबिरातला ग्लुकोमीटर त्याच घराण्यातला.

आणि नॅनो म्हणाल तर ते कधीच आपल्या घरात आलंय. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटते ती बहुतेक पट्ट्यांत सोन्याच्या कणांची असते, साधारण 20 ते 40 नॅनोमीटरच्या. इतकं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, पाण्यात माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने 1857 मध्ये याचा अभ्यास केला होता. कोविडची घरगुती टेस्टही याच जातीची.

मग कॅन्सरचं घोडं कुठे अडतं? आधी प्रमाण बघा. एक मिलिलिटर रक्तात साखर साधारण एक मिलिग्रॅम. प्रोस्टेटच्या पीएसए या प्रोटीनसाठी (प्रोस्टेट कॅन्सरची खूण) डॉक्टर वर्षानुवर्षं जी सीमा धरत आले ती तेवढ्याच रक्तात 4 नॅनोग्रॅम. म्हणजे वजनाने अडीच लाख पट कमी. नुकत्याच धरलेल्या छोट्या गाठीतून सुटणारे काही रेणू याहूनही विरळ. इथे नॅनो कामाला येतं. इलेक्ट्रोडवर सोन्याचे कण, ग्राफीन (कार्बनचा अणूभर जाडीचा पापुद्रा) किंवा कार्बनच्या सूक्ष्म नळ्या, म्हणजे नॅनोट्यूब, बसवल्या की तेवढ्याच जागेत पृष्ठभाग कितीतरी वाढतो, जास्त अँटिबॉडी मावतात, सिग्नल ठळक येतो. सिलिकॉनची नॅनोवायर तर इतकी बारीक की एखादं विद्युतभारित प्रोटीन तिच्यावर येऊन बसलं तरी तिच्यातला प्रवाह बदलतो. 2005 मध्ये हार्वर्डच्या लीबर यांच्या गटाने अशा तारांवर पीएसए, सीईए वगैरे कॅन्सरच्या खुणा एकाच वेळी मोजून दाखवल्या.

बर्डी_ते_बुटीबोरी

2005? ताई, त्या वर्षी जन्मलेली पोरं आता मतदान करतात. मग ती तार गेली कुठे? दवाखान्यात तर अजूनही तुकडा काढून बायोप्सीलाच पाठवतात.

प्रयोगशाळेतली

@बर्डी_ते_बुटीबोरी, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

रक्त हा फार खारट आणि गर्दीचा पदार्थ आहे. त्यातले क्षार विद्युतभार झाकून टाकतात, त्यामुळे त्या तारेला आपल्या अंगापासून एखाद्या नॅनोमीटरपलीकडचं जवळपास काही जाणवत नाही. आणि अँटिबॉडी स्वतःच दहा-एक नॅनोमीटरची. म्हणून प्रयोगात आधी क्षार काढतात किंवा नमुना पातळ करतात. कॉलनीच्या मांडवात ते कोण करणार? दुसरं, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन. मिलिलिटरमागे 35 ते 50 मिलिग्रॅम असतं. ते मिळेल त्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि तुमचा शोधायचा रेणू बाहेर उभा. शिवाय आज बनवलेली चिप आणि पुढच्या महिन्यात बनवलेली चिप सारखं उत्तर देत नाहीत. प्रबंधात चालतं, कारखान्यात नाही.

आणि घरातलंच सांगते. आमच्या क्षेत्रात पेपर गाजतो तो 'कमीत कमी किती मोजलं' या आकड्यावर. कोणी फेम्टोमोलर इतकं विरळ मोजलं की दुसरा त्याच्याही हजारपट विरळ, अ‍ॅटोमोलर करणार. पुष्कळदा रक्ताऐवजी स्वच्छ बफरमध्ये, म्हणजे साध्या द्रावणात, मार्कर (शोधायची खूण) आपणच मिसळायचा आणि आपणच शोधायचा. खऱ्या पेशंटचे नमुने असलेच तर मूठभर.

मारबत_समिती

आपणच मिसळायचा, आपणच शोधायचा, वरून डॉक्टर पदवी! काऊन बे, आपण उगाच बीकॉम केलं.

@झिरो_माईल, त्या माणसाला थेरानोस माहीत आहे का विचारा. अमेरिकेतली कंपनी, बोटातल्या रक्ताच्या काही थेंबांत शेकडो तपासण्या करतो म्हणत होती. त्या इवल्याशा नळीचं नावही 'नॅनोटेनर'. 2015 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने पितळ उघडं पाडलं, 2022 मध्ये संस्थापक बाई दोषी ठरल्या. गुंतवणूकदार सगळे शिकलेसवरलेले होते.

हिशोबनीस

कॉलेजात सांख्यिकी शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही.

अचूकता किती, असं विचारलंत की तो '95 टक्के' म्हणेल. ऐकायला झकास. मानू की खरे रुग्ण 95 टक्के पकडले जातात आणि निरोगी माणसाला 95 टक्के वेळा निरोगीच सांगितलं जातं. आता एक लाख माणसं घ्या ज्यांना काहीही त्रास नाही, आणि धरा की त्यांच्यात 100 जणांना लपलेला कॅन्सर आहे. चिप 95 जण पकडेल, 5 सुटतील. उरलेले 99,900 निरोगी, त्यांच्या पाच टक्क्यांना, म्हणजे 4,995 जणांना, विनाकारण 'पॉझिटिव्ह' लागेल. एकूण पॉझिटिव्ह 5,090, त्यांत खरे 95. शंभरातले दोनसुद्धा नाहीत.

कॉलनीत 300 जणांनी टेस्ट केली तर पंधराएक घरांत रडारड, आणि त्यांत खरा रुग्ण बहुधा एकही नाही. वर 'सर्व प्रकारचे कॅन्सर' म्हणजे पॉझिटिव्ह आल्यावर शोधायचं कुठे? डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन? दुर्बिणी वरून आणि खालून? त्याचा खर्च त्या ब्रोशरवर नसणार.

आशेचा_किरण

माफ करा, पण हा सूर मला पटत नाही. नवीन काही आलं की आपण आधी त्याची टर उडवतो.

माझ्या आईचा ओव्हरीचा कॅन्सर तिसऱ्या स्टेजला कळला. पोट फुगतं म्हणायची, तर कितीतरी महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. नाव घेत नाही, पण शहरातल्या बऱ्या म्हणवणाऱ्या डॉक्टरकडेच. हिशोबनीस सर, तुमच्या गणितात 4,995 जणांना मनस्ताप होतो हे मान्य. पण त्या 95 मधली एक माझी आई असती तर? मनस्ताप झाला असता तर चाललं असतं मला.

हिशोबनीस

किरण, वाईट वाटलं वाचून. याला माझ्याकडे गणिती उत्तर नाही.

ओपीडीच्या_बाहेर

मी स्त्रीरोग विभागात काम करते, म्हणून किरणताईंना सांगावंसं वाटतं. हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर विचारून झालाय. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर चाचणी झाली, यूकेसीटॉक्स नावाची. एका गटाची दरवर्षी रक्तातली सीए-125 ही प्रोटीनची खूण बघायची आणि गरज वाटली तर सोनोग्राफी, एका गटाची दरवर्षी नुसती सोनोग्राफी, आणि एका गटाला काहीच नाही. 2021 मध्ये शेवटचा निकाल आला. रक्त तपासलेल्या गटात पहिल्या स्टेजला सापडणाऱ्या बायका वाढल्या. पण ओव्हरीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. कोणत्याच गटात नाहीत.

ते वाचून आम्हालाही जड गेलं होतं. म्हणजे सीए-125 आणखी हजारपट बारकाईने मोजणारा सेन्सर उद्या मिळाला तरी हे कोडं सुटत नाही, कारण ती खूणच गोंधळलेली आहे. पाळीत वाढते, एंडोमेट्रिऑसिस या गर्भाशयाच्या अस्तराच्या आजारात वाढते, आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये कित्येकदा वाढतच नाही. तुमच्या आईच्या बाबतीत चुकलं ते वेगळंच. महिनोन्‌महिने पोट फुगलेल्या बाईची सोनोग्राफी व्हायला हवी होती. त्याला चिप लागत नाही.

उलट बाजूचं उदाहरणही देते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं, आणि त्यांनी गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून पांढरा डाग उठतो का एवढंच बघितलं. 2013 मध्ये निकाल आला, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी.

तर्रीपोहे

म्हंजे चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर जिंकलं अन् सोनं हरलं?

ओपीडीच्या_बाहेर

व्हिनेगर, शिकवलेली माणसं आणि डाग दिसल्यावर पुढची सोय, हे तिन्ही एकत्र. नुसतं व्हिनेगर नाही.

दाढदुखी

दातांचा डॉक्टर आहे, आणि नागपुरात दातांचा डॉक्टर असणं म्हणजे निम्मा वेळ खर्रा बघणं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोट घोट घोटतात, तो खर्रा. मग तो तासन्‌तास गालात. तंबाखूने कॅन्सर होतो हे सगळ्यांना माहीत, पण सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते हे कोणी मनावर घेत नाही. आम्ही त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडणं कमी होतं. आत्ता वाचता वाचता करून बघा: स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमधून आत जातात का? जात नसतील तर दाखवून घ्या. त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो.

आता धाग्याचा प्रश्न. तोंडाच्या कॅन्सरचं नशीब असं की तो डोळ्यांना दिसतो. यकृतात बघायला स्कॅन लागतो, गालात बघायला टॉर्च. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून मोठा अभ्यास झाला. शिकवलेले आरोग्यसेवक घरोघरी जाऊन तोंड बघायचे. 2005 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी. सरकारी कार्यक्रमातही तिशीच्या पुढच्यांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासायचं ठरलेलं आहे, आशाताई त्यासाठी फॉर्म भरून नेतात. तुमच्या कॉलनीत त्या आल्या होत्या का? आल्या तेव्हा किती पुरुषांनी तोंड उघडलं?

झिरो_माईल

आल्या होत्या. बहुतेकांनी 'साहेब घरी नाहीत' म्हणून सांगितलं. साहेब आत टीव्ही बघत होते.

वऱ्हाडी_ठेचा

खर्रा सोडनं सोपं नाही हो डॉक्टर. माझ्या भावाले रोज सकाळी तोंडात पडल्याशिवाय पोट साफ होत नाही. गुटखाबंदी 2012 ची. बंदी आली अन् आमच्या चौकात ठेले वाढले.

मारबत_समिती

ठेलेवाल्याचं घोटणं बघत उभं राहणं हाच निम्मा नाद आहे. बाकी निम्मा उधारीवर मिळतो म्हणून.

वऱ्हाडी_ठेचा

उधारी तं राहूच द्या. आमच्या हापिसात साहेबाले फाइल द्याची असन तं आधी पुडी पुढे सरकवा लागते.

बर्डी_ते_बुटीबोरी

धागा पानठेल्यावर जाऊन बसला. ताई, लाळेचं राहिलं. लाळेतून काहीच कळत नाही का?

प्रयोगशाळेतली

कळतं, आणि मला त्यातच सगळ्यात जास्त रस आहे. तोंडाची गाठ लाळेत भिजलेली असते, त्यामुळे तिथे खुणा सापडण्याची शक्यता रक्तापेक्षा चांगली. इंटरल्यूकिन-8, इंटरल्यूकिन-6, सायफ्रा 21-1 या प्रोटीनच्या खुणांवर पुष्कळ काम झालंय, आणि सोन्याचे कण किंवा ग्राफीन लावलेले इलेक्ट्रोड ते मोजतात. पण पहिले दोन्ही दाह झाला की वाढतात. हिरड्या सुजल्या तरी वाढतात. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात कायमच दाह, तिथे इंटरल्यूकिनवर भरवसा ठेवणं म्हणजे सावजीच्या भटारखान्यात धुराचा अलार्म लावणं.

आणि @तर्रीपोहे, तुमचा पहिला विनोद शास्त्राला धरून आहे! सुपारीत कॅटेचिन आणि टॅनिन असतात. कॅटेचिन इलेक्ट्रोडवर स्वतःच ऑक्सिडाइज होऊन खोटा सिग्नल देतं. टॅनिन प्रोटीनला धरून ठेवतं, मग अँटिबॉडीला ते सापडत नाही. चुन्याने लाळ अल्कधर्मी होते ते वेगळंच. परदेशात बनलेला लाळेचा सेन्सर इथल्या तोंडांवर पुन्हा पारखल्याशिवाय वापरता येणार नाही, आणि ती पारख फार कमी जण करतात.

तर्रीपोहे

हाव! बायकोले स्क्रीनशॉट पाठवला. घरात पहिल्यांदा इज्जत भेटली.

आशेचा_किरण

मी शांतपणे सगळं वाचलं. सोनोग्राफीबद्दल लिहिलंत ते लागलं, पण पटलं. तरी एक विचारते. टॉर्चने काम होतं, व्हिनेगरने होतं, मग तुम्ही लोक या सेन्सरवर आयुष्य का घालवता?

प्रयोगशाळेतली

किरणताई, मी स्वतःलाही विचारते, विशेषतः फेलोशिप थकलेली असते तेव्हा.

शोधायला सेन्सर नको, निवडायला हवा, असं मला आता वाटतं. दाढदुखी डॉक्टर टॉर्चने पांढरा चट्टा शोधतील. पण बहुतेक चट्टे कॅन्सर होत नाहीत, थोडेच होतात, आणि दिसायला बरेचसे सारखे. आज उपाय एकच, तुकडा काढायचा, आणि शंका असली तर काही महिन्यांनी पुन्हा काढायचा. गावाकडचा माणूस दुसऱ्यांदा येतच नाही. तिथे चट्ट्यावरून ब्रश फिरवून किंवा लाळेतून चार-पाच खुणा एकत्र मोजून 'याला आज पाठवा, याला सहा महिन्यांनी बघू' एवढं सांगणारी स्वस्त पट्टी मिळाली तर तिचा उपयोग आहे. हिशोबनीस सरांचं गणितही तिथे बदलतं, कारण चट्टा असलेल्यांत खरे रुग्ण लाखात शंभर नसतात, खूपच जास्त असतात.

दुसरी जागा म्हणजे उपचार झाल्यावर. ऑपरेशन झालेल्या माणसाची कोणती खूण वाढलेली होती हे माहीत असतं, तीच पुन्हा चढते का बघायचं. पीएसएची मूळ मान्यताही अमेरिकेत 1986 मध्ये अशीच, उपचारानंतर नजर ठेवायला मिळाली होती. निदानासाठी 1994 मध्ये. दर खेपेला गडचिरोलीहून नागपूरला येण्याऐवजी तालुक्याला तपासलं गेलं तर त्याची मजुरी वाचते.

दाढदुखी

निवडायला हवा, याला माझ्याकडून दहा वेळा अनुमोदन. माझ्याकडचे किती चट्टे 'उद्या येतो' म्हणून गेले आणि कायमचे गेले.

हिशोबनीस

हो, शंभरातले दहा खरे असतील तर त्याच चिपचे पॉझिटिव्ह दोन-तृतीयांश वेळा खरे निघतील. 9.5 खरे, 4.5 खोटे. करून बघितलं.

झिरो_माईल

दोन आठवड्यांनी अपडेट देतोय. त्या माणसाला बोलावून तुमचेच प्रश्न विचारले. कोणती खूण मोजता? 'कंपनीचं गुपित आहे.' किती लोकांवर तपासलं? 'हजारो.' कुठे छापलंय? 'येणार आहे.' केंद्रीय औषध नियंत्रकांचा, म्हणजे सीडीएससीओचा परवाना? 'प्रोसेसमध्ये.' आणि पॉझिटिव्ह आलं तर? इथे मात्र तोंडपाठ होतं: त्यांच्या टाय-अपवाल्या सेंटरमध्ये स्कॅन, सवलतीत.

समितीने हात वर करून नको म्हटलं. दोघे जण अजून फुगलेले आहेत. त्याऐवजी दाढदुखी डॉक्टरांशी बोलणं झालंय, ते त्यांच्या दोन ज्युनियरना घेऊन येतायत. बायकांसाठी आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या सिस्टरना विनंती केली आहे. पंचाईत एकच, पुरुषांना खाली कसं आणायचं.

वऱ्हाडी_ठेचा

पोहे ठेवा. तर्री सोबत.

प्रयोगशाळेतली

डॉक्टर, एक विनंती. तुमच्याकडे चट्टा किंवा फायब्रोसिसवाले येतात त्यांची लाळ एखाद्या डेंटल कॉलेजच्या एथिक्स कमिटीच्या परवानगीने गोळा करता येईल का? खर्रा सोडलेले आणि न सोडलेले असे दोन गट मिळाले तर कॅटेचिनचा प्रश्न नीट बघता येईल. बर्फ आणि उणे 80 चा फ्रीजर माझ्याकडून.

दाढदुखी

परवानगीचं बघतो, वेळ लागेल. न सोडलेले हवे तेवढे देतो. सोडलेले तुम्हालाच शोधावे लागतील.

@झिरो_माईल, शिबिर सकाळी सातला ठेवा. आठला चौकातला ठेला उघडतो, त्यानंतर कोणाचंच तोंड रिकामं मिळत नाही. आणि पोहे तपासणी झाल्यावर द्या, आधी नाही. तर्रीच्या लाल रंगात मला काही दिसणार नाही.